दिवाणखान्यातली खुर्ची

जून १९१० मध्ये स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे जागतिक मिशनरी परिषद भरली. सुमारे बाराशे प्रतिनिधी जमले होते. अध्यक्षस्थानी जॉन मॉट आणि चिटणीसपदी ओल्डहॅम, म्हणजे प्रॉटेस्टंट जगातले दोन सर्वांत कर्तबगार संघटक. युरोप-अमेरिकेतील मिशन मंडळांनी शंभर वर्षांत काय कमावले आणि पुढे काय करावयाचे, याचा हिशेब मांडण्यासाठी ही परिषद होती. ज्या आशियाविषयी आणि आफ्रिकेविषयी एवढी चर्चा चालली होती, त्या आशियातले प्रतिनिधी वीसही नव्हते. त्यांपैकी एक होते पस्तीस वर्षांचे तमिळ पाद्री वेदनायगम सॅम्युएल अझरिया. तिरुनेलवेली जिल्ह्यातील वेळ्ळाळनविळै या खेड्यात १८७४ साली त्यांचा जन्म झाला. वडील तिथलेच पाळक. स्वतः अझरिया अनेक वर्षे वायएमसीएचे काम करून नुकतेच निजामाच्या राज्यातील दोर्नकल भागात धर्मकार्यासाठी गेले होते.

२० जूनच्या संध्याकाळी परदेशी मिशनरी आणि देशी कार्यकर्ते यांच्या सहकार्याविषयी ते बोलले. सुरुवातीला रीतसर कृतज्ञता होती. नंतर त्यांनी सांगितले की भारतात या दोघांमध्ये एक दुरावा आहे, मोकळेपणाचा अभाव आहे, आणि तो सर्वांना ठाऊक असूनही कोणी बोलत नाही. तुम्ही आम्हांला स्वर्गातली सिंहासने देऊ करता, पण आपल्या दिवाणखान्यातली खुर्ची देत नाही, अशा आशयाचा त्यांचा टोला पुढे सर्वत्र गाजला. पण माझ्या मते त्या भाषणातला खरा मर्मभेद दुसऱ्याच एका शब्दात आहे. दक्षिणेकडील खालच्या दर्जाचे मिशन-कार्यकर्ते मिशनऱ्याला ‘एजमान’ म्हणून हाक मारतात, असे अझरियांनी सभेला सांगितले. एजमान म्हणजे मालक. मिशनरी पगार देणारा आणि देशी कार्यकर्ता त्याचा नोकर, असे हे नाते झाले आहे. भाषणाच्या अखेरीस त्यांनी संत पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय मिशनऱ्यांवरच फिरवला. गरिबांना अन्न देण्यासाठी तुम्ही आपले धन दिले आहे, देहही झिजवला आहे, हे मान्य आहे. आमची मागणी प्रेमाची आहे, आम्हांला मित्र हवेत, असा त्या समारोपाचा भाव होता. श्रोत्यांपैकी अनेकांना हे भाषण लागले, काहींना ते कृतघ्नपणाचे वाटले. सेवेचा हिशेब मांडायला जमलेल्या सभेत मैत्रीची मागणी होणे हे अनपेक्षितच होते.

‘एजमान’ हा शब्द मूळ संस्कृत ‘यजमान’च. मराठीत तो पाहुण्याचे आदरातिथ्य करणाऱ्याला, आणि जुन्या घरांत पतीलाही, लावला जातो. तमिळमध्ये तो धन्याचा वाचक झाला. शब्दाच्या या दोन वाटा अझरियांच्या तक्रारीलाच उजेड देतात. आपल्याकडे यजमानपण फिरते असते. आज तुम्ही यजमान, उद्या मी. धनीपण फिरत नाही. योहानाच्या शुभवर्तमानातील शेवटच्या भोजनाच्या प्रसंगी येशू शिष्यांना दास म्हणण्याचे सोडून मित्र म्हणतो, आणि त्याचे कारणही देतो: धनी काय करतो आहे हे दासाला कळत नसते, त्याने मात्र पित्याकडून ऐकलेले सारे शिष्यांना सांगितले आहे. म्हणजे मित्रत्वाची खूण तिथे गोड भावना ही नाही, कारभार कळणे ही आहे. मिशनची अंदाजपत्रके आणि नेमणुका ज्या बैठकांत ठरत, तिथे भारतीयांना फार काळ जागा नव्हती. खुर्चीचा प्रश्न केवळ चहापानाचा नव्हता.

अझरियांची मागणी अनेकांना धर्माबाहेरची वाटली असेल, तर त्यामागे ख्रिस्ती विचारातला एक जुना पेच आहे. ख्रिस्ती प्रेम सर्वांवर करावयाचे असते, शत्रूवरही. मैत्री मात्र निवड करते. एकाला जवळ घेते, म्हणजे दुसऱ्याला त्या मानाने दूर ठेवते. मग मैत्री हा ख्रिस्ती सद्गुण कसा ठरावा? बॉझवेलने लिहिलेल्या जॉन्सनच्या चरित्रात (१७९१) याविषयी एक मजेदार प्रसंग आहे. १५ एप्रिल १७७८ रोजी डिली बंधूंच्या घरी जेवणाच्या वेळी डॉ. जॉन्सननी नेमका हाच आक्षेप घेतला. मित्राचे हित इतरांच्या हिताआधी ठेवणे ही मैत्री. ख्रिस्ती धर्म तर सर्वांविषयी सारखी सदिच्छा सांगतो. तेव्हा मैत्री ख्रिस्ती सद्गुणांत बसत नाही. पंगतीत मिसेस नोल्स नावाच्या क्वेकर बाई होत्या. येशूचे शिष्य बारा होते, पण त्यांतला एक त्याचा विशेष आवडता होता, एवढेच त्यांनी निदर्शनास आणले. वादात सहसा हार न मानणाऱ्या जॉन्सननी डोळे चमकवीत दाद दिली, असे बॉझवेल नोंदवतो. जॉन्सनला एका वाक्यात गप्प करणाऱ्या व्यक्ती इंग्रजी वाङ्मयात थोड्या आहेत. या बाईंना त्यांत मानाचे स्थान द्यायला हरकत नाही.

पण पेच एका वाक्याने सुटणारा नव्हता. १८४७ साली किर्केगार्डने प्रेमाच्या कृतींविषयीच्या आपल्या ग्रंथात हीच शंका अधिक कठोरपणे मांडली: मित्रावरचे प्रेम हे शेवटी स्वतःवरचेच प्रेम असते, शेजाऱ्यावरचे प्रेम तेवढे खरे. मठांच्या परंपरेतही दोघांच्या खास सलगीकडे संशयाने पाहण्याची रीत दृढ होती. उलट बाजूने बोलणारा एक मोठा आवाज बाराव्या शतकातला आहे. यॉर्कशायरमधील रीव्हो येथील सिस्टर्शियन मठाचा प्रमुख एल्रेड (१११०–११६७) याने सिसेरोच्या मैत्रीविषयक संवादाला ख्रिस्ती रूप दिले. त्याच्या संवादात आयव्हो नावाचा एक तरुण मठवासी त्याला विचारतो, की योहानाने देव प्रीती आहे म्हटले, तसे देव मैत्री आहे असे म्हणावे काय? एल्रेड थबकतो. शास्त्राचा तसा आधार नाही हे कबूल करतो, आणि तरीही त्या विधानाच्या अगदी जवळ जाऊन उभा राहतो. त्याच्या दृष्टीने प्रीती शत्रूलाही द्यावयाची असते. पण ज्याच्यापाशी आपले मन निर्धास्तपणे उघडे करता येते तो मित्र. प्रीती एकतर्फी असू शकते, मैत्री दुतर्फीच असावी लागते.

हा भेद ध्यानात घेतला की अझरियांच्या भाषणाची धार कळते. जॉन्सन आणि किर्केगार्ड यांना भीती होती ती मैत्रीमुळे सार्वत्रिक प्रेम आकसेल याची. वसाहतीतल्या मिशनने उलटा अनुभव दिला. तिथे सार्वत्रिक प्रेम भरपूर होते. शाळा होत्या, दवाखाने होते, दुष्काळात अन्न होते, प्लेगमध्ये शुश्रूषा होती. त्यासाठी कित्येकांनी प्राण दिले. मैत्री नसल्यामुळे ते प्रेम उपकाराच्या रूपातच पोहोचत राहिले. ज्याला फक्त देता येते आणि घेता येत नाही, तो कितीही चांगला असला तरी एजमानच राहतो.

घेणे कसे असते याचे एक उदाहरण दिल्लीत घडत होते. चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज (१८७१–१९४०) १९०४ साली केंब्रिज मिशनतर्फे दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजात आले. तिथे सुशीलकुमार रुद्र (१८६१–१९२५) हे बंगाली ख्रिस्ती प्राध्यापक त्यांना भेटले. रुद्र वयाने दहा वर्षांनी मोठे, विधुर, मितभाषी. अँड्र्यूजनी त्यांच्याकडून भारत शिकून घेतला, आणि हे ऋण त्यांनी १९३२ च्या आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगितले आहे. १९०६ साली प्राचार्यपद रिकामे झाले. गोऱ्या प्राध्यापकांवर भारतीय प्राचार्य नेमण्याची रीत मिशन कॉलेजांत नव्हती, आणि शिस्तीचे काय होईल अशी वरिष्ठांना शंका होती. अँड्र्यूजनी स्वतः ते पद नाकारले, आणि रुद्रांना डावलले तर आपण राजीनामा देऊ असे सांगितले. रुद्र प्राचार्य झाले आणि १९२३ पर्यंत राहिले. म्हणजे एडिंबरोतील त्या भाषणाच्या चार वर्षे आधी एका इंग्रजाने खुर्ची देऊ केली होती. दिवाणखान्यातलीच नव्हे, कार्यालयातलीही, आणि स्वतः तिच्या हाताखाली बसून.

या मैत्रीचा विस्तार कसा झाला हे पाहण्यासारखे आहे. १९१३ च्या अखेरीस अँड्र्यूज आणि पिअर्सन दक्षिण आफ्रिकेत गेले, त्यांना पाठवणारे आपले गोपाळ कृष्ण गोखले. १९१४ च्या आरंभी दरबानच्या धक्क्यावर अँड्र्यूजनी गांधींच्या पायांना हात लावला आणि तिथल्या गोऱ्या समाजात खळबळ उडाली. पुढे गांधी भारतात आल्यावर दिल्लीत ते रुद्रांच्या घरी उतरत. खिलाफतीसंबंधी व्हाइसरॉयला पाठवलेल्या पत्राचा मसुदा आणि असहकाराची आखणी त्या घरात झाली, असे खुद्द गांधींनीच १९२५ साली रुद्रांच्या मृत्यूनंतर लिहिले. एका सरकारमान्य मिशन कॉलेजच्या प्राचार्याने हा धोका पत्करावा, यात त्यांच्या स्वभावाचे मोजमाप आहे. गांधींना ‘मोहन’ अशी हाक मारणाऱ्या फार थोड्या माणसांत अँड्र्यूज होते. तरी या जवळिकीत होकारच होकार नव्हता. १९१८ मध्ये गांधी सैन्यभरतीसाठी फिरू लागले, तेव्हा अँड्र्यूजना ते पटले नाही. १९२१ मध्ये विदेशी कापडाच्या होळ्या पेटल्या, तेव्हा त्यांनी आपली व्यथा पत्राने कळवली आणि गांधींनी ते पत्र ‘यंग इंडिया’त छापून त्याला उत्तर दिले. असहमती उघड करता येणे ही एल्रेडच्या कसोटीला उतरणारी गोष्ट आहे.

साहित्याच्या वाचकांना इथे ‘अ पॅसेज टू इंडिया’ (१९२४) आठवणे साहजिक आहे. अझीझ आणि फील्डिंग यांना एकमेकांचे मित्र व्हावयाचे आहे, आणि कादंबरीच्या अखेरीस देश, माती, आकाश सारेच अजून नको म्हणते. फॉर्स्टरने ही कादंबरी सय्यद रॉस मसूद या आपल्या भारतीय मित्राला अर्पण केली. अशक्यतेची कथा एका प्रत्यक्ष मैत्रीच्या हवाली करणे हा विरोधाभास बोलका आहे. अझरियांचे म्हणणे मात्र फॉर्स्टरच्या निदानाहून अधिक अडचणीचे होते. राज्य जाईपर्यंत मैत्रीने थांबावे, हे त्यांना मान्य नव्हते. ज्यांनी स्वतःला येशूचे शिष्य म्हणवले त्यांना साम्राज्याची सबब चालणार नव्हती.

महाराष्ट्रात हा प्रश्न नारायण वामन टिळकांनी आपल्या परीने हाताळला. त्यांच्या धर्मांतराच्या कथेत एक विलक्षण तपशील आहे. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना एक युरोपियन गृहस्थ भेटला. त्याने काव्याविषयी, धर्माविषयी बरोबरीच्या नात्याने गप्पा मारल्या, नव्या कराराची प्रत दिली, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले आणि तो निघून गेला. त्याचा पत्ता पुढे कधी लागला नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. मिशनच्या पगारी चौकटीत त्यांनी पुष्कळ वर्षे काम केले, पण १९१७ मध्ये ते अमेरिकन मराठी मिशनमधून बाहेर पडले आणि साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात एकत्र यावेत, अशी कल्पना होती. १९१९ च्या मे महिन्यात टिळक वारले आणि दरबार रुजण्याआधीच पोरका झाला. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये मात्र या प्रश्नाची दुसरी, मला अधिक सखोल वाटणारी बाजू दिसते. लक्ष्मीबाई सिद्धान्तांच्या वाटेने ख्रिस्ताकडे गेल्या नाहीत. जातिभेद देवाने केलेला नाही हे मनाशी ठरले आणि कोणाच्याही हातचे पाणी प्यायचा निश्चय झाला, तिथे त्यांचे खरे परिवर्तन झाले. बाप्तिस्मा नंतर आला. आधी पाणी, मग पंथ, असा हा क्रम धर्मशास्त्राच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही.

टिळकांचे चरित्र १९२३ मध्ये इंग्रजीत लिहिणारे जॅक विन्स्लो हे नगर जिल्ह्यात काम करणारे अँग्लिकन पाद्री. दरबाराच्या कल्पनेचा त्यांच्यावर परिणाम झाला होता. १९२२ साली त्यांनी ‘ख्रिस्त सेवा संघ’ स्थापन केला, आणि काही वर्षांनी संघाचा आश्रम पुण्यात शिवाजीनगरला आला. जमिनीवर बसणे, खादी, शाकाहार, इंग्रज आणि मराठी सभासदांचे एकच घर, अशी तिथली राहणी. खुर्चीच काढून टाकली म्हणजे ती द्यायची की नाही हा प्रश्नच उरत नाही, असा काहीसा तो उपाय होता! १९२७ मध्ये ऑक्सफर्डचा एक तरुण पदवीधर या आश्रमात आला: व्हेरिअर एल्विन. तिथेच त्याला शामराव हिवाळे भेटले. शामराव मराठी ख्रिस्ती कुटुंबातले. पुढे १९४७ मध्ये अहमदनगर कॉलेज स्थापणारे भा. पां. हिवाळे हे त्यांचे थोरले बंधू. जानेवारी १९३२ मध्ये एल्विन आणि शामराव मंडला जिल्ह्यातील करंजिया या गोंडांच्या खेड्यात राहायला गेले. नागपूरच्या बिशपांनी एल्विनला पाद्री म्हणून परवाना नाकारला, आणि १९३५ पर्यंत एल्विन चर्चमधून बाहेर पडला. शामराव त्याच्याबरोबरच राहिले. पुढची अनेक वर्षे दोघांनी शाळा आणि दवाखाने चालवले, गाणी गोळा केली. ‘साँग्स ऑफ द फॉरेस्ट’ (१९३५) आणि ‘फोक-साँग्स ऑफ द मैकल हिल्स’ (१९४४) ही पुस्तके दोघांच्या नावावर आहेत.

लोक एल्विनला ‘बडा भाई’ आणि शामरावांना ‘छोटा भाई’ म्हणत. ही हाक एजमानपेक्षा किती वेगळी आहे! तरी त्यातले बडा आणि छोटा विसरता येत नाहीत. एल्विनची कीर्ती जगभर गेली. शामरावांनी १९४६ मध्ये परधानांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि त्याच वर्षी एल्विनवरही एक पुस्तक लिहिले; आज त्यांचे नाव मराठी वाचकाला सांगावे लागते. १९५० नंतरच्या दशकात एल्विन ईशान्य भारतात गेला, शिलाँगला स्थायिक झाला. शामराव मध्य भारतात मागे राहिले. संसार, संस्था, पैशांची ओढाताण आणि अंतर यांनी एवढ्या जुन्या सोबतीवरही परिणाम केलाच. १९६४ साली एल्विन वारला. मराठीत या मैत्रीवर, तेही शामरावांच्या बाजूने पाहून, कोणी लिहायला हवे. कादंबरीकाराने लिहिले तरी चालेल.

अझरियांचे स्वतःचे पुढे काय झाले? २९ डिसेंबर १९१२ रोजी कलकत्त्यात त्यांना दोर्नकलचे बिशप म्हणून दीक्षा मिळाली. अँग्लिकन चर्चचे ते पहिले भारतीय बिशप. गोऱ्या मिशनऱ्यांना भारतीय बिशपच्या हाताखाली काम करणे जड जाईल, हा आक्षेप अपेक्षितच होता. पण विरोध तिरुनेलवेलीतील काही भारतीय ख्रिस्ती मंडळींकडूनही आला, कारण अझरिया नाडार जातीचे. एडिंबरोला ज्या दिवाणखान्यावर त्यांनी बोट ठेवले होते, तसा एक त्यांच्या स्वतःच्या गावाकडेही होता. दोर्नकलमध्ये त्यांच्याभोवती जमलेला समाज मुख्यतः माला आणि मादिगा या दोन अस्पृश्य जातींचा. बाप्तिस्म्यानंतरही या दोघांतले अंतर संपले नव्हते. एका पंगतीचा प्रश्न आता बिशपसाहेबांच्याच दारात येऊन उभा राहिला. १ जानेवारी १९४५ रोजी ते वारले, तोवर त्यांच्या धर्मप्रांतातील अनुयायी दोन लाखांच्या पुढे गेले होते. १९३९ साली पूर्ण झालेल्या दोर्नकलच्या कॅथीड्रलमध्ये त्यांनी मंदिर आणि मशीद यांच्या शैली ख्रिस्ती उपासनास्थळात मिसळल्या. दगडांना ते जमले.

हे सारे १९१० पासून सुरू होते असे मानणे मात्र चूक ठरेल. अझरियांचा प्रश्न त्यांच्या पंचवीस वर्षे आधी एका मराठी स्त्रीने विचारला होता, सभेत नव्हे, पत्रांत. १८८३ मध्ये पंडिता रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. प्रवासखर्च ‘स्त्रीधर्मनीति’ या आपल्या पुस्तकाच्या उत्पन्नातून केला, आणि वाँटेजच्या मठात राहणे आणि शिकणे यांच्या बदल्यात भारतात जाणाऱ्या सिस्टरांना मराठी शिकवण्याचे काम घेतले. आश्रितपण टाळण्याची ही धडपड पहिल्या दिवसापासूनची आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. सिस्टर जेराल्डिन त्यांच्या आध्यात्मिक माता झाल्या. रमाबाई पत्रांत त्यांना ‘आजीबाई’ म्हणत. इंग्रजी पत्रांत मधूनच येणारा हा मराठी शब्द फार लाडका वाटतो. त्यात थोडी थट्टा आहे, भरपूर माया आहे. पण बरोबरी नाही, आणि भांडण इथेच आहे.

जेराल्डिनना रमाबाईंवर मनापासून प्रेम होते, याविषयी पत्रे वाचणाऱ्याला शंका राहत नाही. पण ते मुलीवरचे प्रेम होते, आणि मुलीने ऐकावे ही त्याची अट होती. रमाबाई अंडी घातलेले पदार्थ खात नसत. जेराल्डिनना त्यात शिल्लक राहिलेला जात्यभिमान दिसे. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, असे रमाबाई विचारीत. तोही जेराल्डिनना अहंकार वाटे. रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्यावर त्यांनी तरुण पुरुषांना शिकवावे की नाही, यावर १८८५ मध्ये मोठा वाद झाला. तसे केल्यास भारतात त्यांचे वजन घटेल, असे मुंबई आणि लाहोरच्या बिशपांचे मत पडले. कलकत्त्यात पंडितांच्या सभेत बोलून ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळवलेल्या, १८८२ साली हंटर कमिशनपुढे साक्ष दिलेल्या स्त्रीला हे सांगितले जात होते. रमाबाईंची भूमिका ठाम होती: पुष्कळ प्रयत्नांनी मी पुरोहितांच्या जोखडातून सुटले आहे, दुसऱ्या पुरोहितांचे जोखड मानेवर घेणार नाही, ख्रिस्त मान्य केला म्हणून तुमच्या चर्चचे प्रत्येक वचन मान्य केले असे होत नाही. त्रैक्याविषयीच्या आपल्या शंका त्यांनी चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याजवळ अधिक मोकळेपणाने मांडल्या. बील यांनी त्या शंकांना उत्तरे दिली, आज्ञा दिल्या नाहीत. दोन शिकवणाऱ्या स्त्रिया एकमेकींशी बोलत आहेत, असा त्या पत्रव्यवहाराचा सूर आहे. एल्रेडला त्यात आपल्या व्याख्येतले काही ओळखीचे सापडले असते.

१८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या, तिथून भारतात परतून शारदा सदन, मग केडगावचे मुक्तिसदन. जेराल्डिनच्या चर्चपासून त्या दूर गेल्या. पण पत्रे थांबली नाहीत. मनोरमेच्या शिक्षणाविषयी, प्रकृतीविषयी, पैशांविषयी वर्षानुवर्षे दोघी लिहीत राहिल्या. वादाची जागा हळूहळू कामाच्या बातम्यांनी घेतली. कोणी कोणाचे मत मात्र बदलले नाही. मुक्तिसदनात दुष्काळातून वाचवलेल्या शेकडो मुलींची आई झाल्यावर रमाबाईंना आजीबाईंची अडचण थोडीफार कळली असेल का, हा प्रश्न मनात येतो. उत्तर पत्रांत नाही.

ही पत्रे आपल्याला आज वाचता येतात ती अ. भि. शहा यांनी संपादित केलेल्या आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संग्रहामुळे. पण शहांच्या हाती आलेली ती जुळणी मूळ जेराल्डिनचीच. उतारवयात त्यांनी हा सारा पत्रव्यवहार एकत्र लावून ठेवला. त्यात त्यांची स्वतःची उपदेशपर पत्रे आहेत, बिशपांची आहेत, बीलबाईंची आहेत. आणि रमाबाईंचीही आहेत. ज्यांत आजीबाईंचे म्हणणे एकेक मुद्दा घेऊन खोडून काढले आहे, तीसुद्धा.